तीन बोटं, दोन मिनिटं

खर्रा खाणारा माणूस दातांच्या डॉक्टरकडे गेला, की डॉक्टर आधी एक साधी गोष्ट करायला सांगतात. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि तोंडात घालून दाखवायची. ज्याचं तोंड नीट उघडतं त्याची तिन्ही बोटं वरच्या आणि खालच्या दातांमध्ये बसतात. वर्षानुवर्षं सुपारी चघळणाऱ्याची दोनच जातात, कधी एकच. गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ झालेली असते. ठेच्याचा कण लागला तरी आग होते. भाकरीचा मोठा घास घेता येत नाही, म्हणून माणूस ती वरणात कुस्करून खायला लागलेला असतो. आपलं तोंड एवढं मिटत आलंय हे कित्येकांना त्या क्षणापर्यंत ठाऊकच नसतं, कारण ते एका दिवसात मिटलेलं नसतं.

मग डॉक्टर म्हणतात, "खर्रा बंद करा, नाहीतर कॅन्सर होईल." समोरचा म्हणतो, "हो जी." तोवर पुढचा पेशंट दारात उभा असतो.

यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडपासून वणीपर्यंत कुठल्याही दवाखान्यात दिवसभर हे "हो जी" ऐकू येतं. ते होकाराचं नसतं आणि नकाराचंही नसतं. मोठ्या माणसानं सांगितलं, आपण ऐकून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरला वाटतं, सांगून झालं. पेशंटला वाटतं, बोलणी खाऊन झाली. घरी गेल्यावर तो सांगतो, "डॉक्टर लय बोलले." काय बोलले हे मात्र त्याला सांगता येत नाही. तंबाखू, दारू, मीठ, तेल, बैठी सवय यांबद्दल दवाखान्यातल्या दोन-चार मिनिटांत बोलून खरंच काही बदलतं का, आणि बदलत असेल तर कशा बोलण्यानं, यावर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जगभर बरंच काम झालं आहे. ते आपल्या जिल्ह्याला लावून पाहायची वेळ आली आहे, असं मला मनापासून वाटतं.

आधी वेळेचा हिशोब करू. ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळांचा एक मोठा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला बावीस मिनिटांहून अधिक वेळ देतात असं दिसलं. भारताच्या वाट्याला आली सुमारे दोन मिनिटं. बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलेल्या कोणालाही हा आकडा पटेल. तेव्हा "वेळ काढून समजावून सांगा" हा उपदेश डॉक्टरांना करण्यात अर्थ नाही. आहे त्या दोन मिनिटांचं काय करायचं ते बघितलं पाहिजे.

या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर लंडनमधून आलं. मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २८ डॉक्टर आणि २,१३८ धूम्रपान करणारे पेशंट त्यात होते. काहींना डॉक्टर काहीच बोलले नाहीत. काहींना मिनिट-दोन मिनिटांत, ठामपणे आणि आपुलकीनं, सिगारेट सोडायला सांगितलं, हातात एक पत्रक दिलं आणि "मी पुन्हा विचारणार आहे" असंही सांगितलं. वर्षभरानंतर, ज्यांच्याशी बोलणं झालं नाही त्यांच्यापैकी ०.३ टक्के लोक सिगारेटपासून दूर राहिले होते, ज्यांच्याशी झालं त्यांच्यापैकी ५.१ टक्के. शंभरातले पाच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पुढच्या अनेक अभ्यासांची बेरीज त्याहून सावध निघाली: डॉक्टरच्या थोडक्या सल्ल्यानं शंभरामागे एक ते तीन माणसं जास्तीची सुटतात.

तीस हजार वस्तीच्या एका आरोग्य केंद्राची हद्द घ्या. त्यात वीसेक हजार प्रौढ धरा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, म्हणजे त्या हद्दीत पाच हजारांच्या वर. त्या प्रत्येकाशी नीट बोलणं झालं आणि शंभरामागे दोनच सुटले, तरी शंभर माणसं होतात. शंभर माणसं म्हणजे एक छोटं गाव. हे दोन मिनिटांच्या बोलण्याचं फळ असेल, तर ती दोन मिनिटं वाया घालवायचा हक्क कोणालाच नाही.

इथे एक अडचण मात्र आहे. हे अभ्यास बहुतेक सिगारेटवाल्यांचे आहेत. आपल्याकडे धूर कमी आणि चघळणं जास्त: त्याच पाहणीत राज्यात बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के. विदर्भातला खर्रा तर वेगळंच प्रकरण आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून ठेलेवाला समोरच घोटून देतो. राज्यानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली आणि पुढे सुगंधी तंबाखू, सुपारीही त्यात घेतली. पण खर्रा ठेल्याठेल्यावर हातानं तयार होतो, त्याला ना कारखाना ना छाप. त्यामुळे बंदी त्याच्या आजूबाजूनंच फिरत राहिली. आणि खर्ऱ्यात दोन शत्रू आहेत. तंबाखू सोडून नुसती सुपारी धरली म्हणजे सुटलो, असं अनेकांना वाटतं. पण तोंड मिटवते ती सुपारीच. ती तंबाखूशिवायही कॅन्सर घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच स्पष्ट केलं आहे. हे एक वाक्य दवाखान्यात सांगितलं जायला हवं आणि फार थोड्या ठिकाणी सांगितलं जातं. देशपातळीवर त्या पाहणीत असंही दिसलं, की दवाखान्यात गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कोणीतरी सोडायचा सल्ला दिला होता. चघळणाऱ्यांपैकी तो मिळाला जेमतेम एक तृतीयांश लोकांना. म्हणजे ज्यांची संख्या जास्त, त्यांच्याशीच बोलणं कमी.

बोलायचं तर काय? २०१२ मध्ये पॉल एव्हयार्ड आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांची तुलना करून एक फार उपयोगी गोष्ट दाखवली. "तब्येतीसाठी सोडा" एवढंच सांगितलं, तर सोडून पाहणारे सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढतात. "सोडायला मी मदत करतो, अमुक ठिकाणी ती मिळते" असं म्हटलं, तर ते दुपटीहून जास्त होतात. आणि ही मदत, सोडायची तयारी दाखवणाऱ्यांनाच नव्हे, सगळ्यांना देऊ करायची. भीती दाखवण्यापेक्षा हात पुढे करणं जास्त कामाला येतं, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. पण त्याला आकडा लागला की प्रशिक्षणात जागा मिळते, म्हणून तो इथे दिला.

दुसरी गोष्ट विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत बर्गनजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तरुण सहकाऱ्यांना तो आपली पद्धत समजावून सांगत होता. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता आपण पेशंटशी नेमकं काय करतो, हे त्याच्याच नव्यानं ध्यानात आलं. १९८३ मध्ये त्यानं ते लिहून काढलं, १९९१ मध्ये स्टीफन रॉलनिकबरोबर त्याचं पुस्तक झालं. त्याचं म्हणणं असं, की सवय सोडण्याबद्दल माणसाच्या मनात दोन्ही बाजू आधीपासूनच असतात. आपण सोडण्याची बाजू लढवायला लागलो, की तो न सोडण्याची लढवतो. आणि माणूस जे स्वतःच्या तोंडानं बोलतो, त्यावरच त्याचा विश्वास बसत जातो.

हे वऱ्हाडी बोलीतल्या एका वाक्यात पुरतं सापडतं. कोणालाही विचारा, उत्तर येतं: "सोडाव तं वाटते जी, पण सुटत नाई." या वाक्यात मधोमध एक 'पण' आहे. आपण डॉक्टर, नर्स, शिक्षक, भाऊ, बायको, सगळे त्या 'पण'च्या पुढच्या अर्ध्या वाक्यावर तुटून पडतो: कसं सुटत नाही, मनावर घेतलं की सगळं सुटतं. 'पण'च्या अलीकडचं अर्धं वाक्य कोणी ऐकतच नाही. सोडावं वाटतं, म्हणतोय ना तो? मग ते कशामुळे वाटतं, एवढंच विचारायचं. माझ्या मते या सगळ्या शास्त्राचा गाभा तिथेच आहे.

मिलरच्या पद्धतीत एक प्रश्न असा असतो: शून्य ते दहा या मापावर तुमचं मन किती झालंय? शेतावरून आलेल्या साठीच्या माणसाला दहाचं माप परकं वाटेल. त्याला सोळा आण्यांत विचारावं. संभाषण साधारण असं जाईल:

"भाऊ, दिवसाला किती पुड्या होतात?"

"सात-आठ लागते जी."

"पहिली कधी?"

"उठल्याबरोबर. त्याबिगर संडासले होत नाई."

"हं. हरकत नसेल तर तोंडाबद्दल एक सांगू?"

"सांगा ना जी."

"तुमची दोन बोटं जातात, तिसरं अडतं. हे सुपारीनं होतं. गेलेलं तोंड पूर्ण परत येईल असं मी म्हणत नाही, पण खर्रा थांबला तर अजून मिटायचं थांबू शकतं. तुम्हाला काय वाटतं?"

"सोडाव तं वाटते जी..."

"सोळा आण्यांतलं किती आणे वाटतं?"

"चार आणे."

"चार तरी का? एक आणा का नाही?"

"पोरगी म्हणते, बाबा, तुमच्याजवळ बसू वाटत नाई. वास येते."

ही मुलगी डॉक्टरला कधीच सापडली नसती. "बारा आणे का नाही?" असं विचारलं असतं, तर त्यानं सगळ्या अडचणींचा पाढा वाचला असता. "एक आणा का नाही?" असं विचारल्यावर त्याला स्वतःचं कारण सांगावं लागलं. कॅन्सरच्या चित्रापुढे "हो जी" म्हणणारा माणूस पोरीपुढे थांबला. आता पुढचा प्रश्न सोपा आहे: कुठल्या पुडीपासून सुरुवात कराल? तो म्हणेल दुपारची, किंवा संध्याकाळची. आपण सांगितलेली पुडी तो विसरेल, स्वतः निवडलेली लक्षात ठेवेल. राहिली संडासाची भीती. ती खोटी नाही, तंबाखू सुटल्यावर पहिले काही दिवस पोट खरोखर बांधलं जातं. कोमट पाणी, भाजी आणि "हे आठवड्या-दोन आठवड्यांत बसतं" हा दिलासा, एवढं त्याला पुरतं. ती भीती हसण्यावारी नेली, तर तिसऱ्या दिवशी सकाळी तो ठेल्यावर दिसेल. हे सगळं धरून दोनाची फार तर चार मिनिटं होतात.

दारूच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नाही. इंग्लंडमधल्या आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पाच मिनिटांचा किंवा वीस मिनिटांचा सल्ला नुसत्या पत्रकापेक्षा वरचढ ठरला नाही. आशा दाखवली ती आपल्या शेजारच्या गोव्यानं. 'संगाथ' या संस्थेनं गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, दारूनं नुकसान होत असलेल्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. २०१७ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. बोलणारे डॉक्टर नव्हते, मानसोपचाराची पदवी असलेलेही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती आणि भेटी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी या गटातले ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले २६ टक्के. जे पीतच राहिले त्यांचं रोजचं प्रमाण मात्र घटलं नाही. तेव्हा चमत्कार म्हणू नये. पण एका बैठकीत जे होत नाही ते चार बैठकांत काही जणांपुरतं होतं, आणि त्यासाठी दुर्मीळ तज्ज्ञ लागत नाही, हे या गटानं दाखवलं. यवतमाळला एका बाजूनं दारूबंदीचा वर्धा जिल्हा लागून आहे. जिल्ह्यातल्या बायकांनीही दारूबंदीसाठी रस्त्यावर येऊन वर्षानुवर्षं लढा दिला आहे. त्यांच्या मागणीचं काय व्हायचं ते होवो, तोवर प्रत्येक आरोग्य केंद्रात अशी चार भेटींची सोय असणं हे आपण त्यांचं देणं लागतो. एक खबरदारी मात्र सांगायलाच हवी. रोज सकाळपासून पिणाऱ्या, न प्यायल्यास हात थरथरणाऱ्या माणसाला "उद्यापासून बंद" सांगू नये. एकदम बंद केल्यानं झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरकडे न्यायचं.

आहार आणि व्यायामाकडे वळलं की बोलण्याची ताकद आणखी ओसरते, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या आसपासच्या ५९,६१६ लोकांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यातल्या सुमारे अकरा-बारा हजारांना तपासणीला बोलावून पाच वर्षांत अनेकदा जीवनशैलीचा सल्ला दिला गेला. दहा वर्षांनी हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांत काहीही फरक नव्हता. उलट इंग्लंडमध्ये २०१६ च्या एका अभ्यासात अवघ्या तीस सेकंदांचं बोलणं कामाला आलं: डॉक्टरनं वजनाचा विषय काढला आणि तिथल्या तिथे पेशंटचं नाव वजन उतरवण्याच्या दर आठवड्याच्या वर्गात घातलं. वर्षभरात सरासरी २.४ किलो वजन उतरलं. नुसता सल्ला मिळालेल्यांचं एक किलो. तीस सेकंदांच्या शब्दांमागे बारा आठवड्यांचा वर्ग उभा होता.

आपल्याकडे शब्दांमागे काय उभं आहे? आशाताई तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा जो जोखीम-फॉर्म भरतात, त्यात एक प्रश्न आहे: आठवड्याला किमान दीडशे मिनिटं शारीरिक हालचाल होते का? ज्या बाईनं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकून कापूस वेचला, मण मण ओझं डोक्यावर आणलं, तिला हा प्रश्न विचारताना आशाताईलाच अवघडल्यासारखं होतं. पांढरकवडा, झरी-जामणी, वणीकडच्या ज्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे कंबर आणि गुडघे ताठलेल्या माणसाला "रोज चाला" म्हणणं हा त्याच्या दुखण्याचा अपमान आहे. त्याला आधी पाणी द्यायला हवं.

हे विसरलं की सल्ल्याचं दोषारोपात रूपांतर होतं. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, औषध अंगावरच येत होतं, उकाडा होता. आणि जिकडेतिकडे एकच वाक्य ऐकू येत होतं: त्यांनी हातमोजे, मास्क वापरले नाहीत. सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. रोजीवर फवारणारा मजूर स्वतःचा मास्क कुठून आणणार होता, हे विचारणारे थोडे होते. आरोग्यशिक्षणाचं काम करणाऱ्या प्रत्येकानं तो हंगाम आठवणीत ठेवावा, असं मला वाटतं.

तरीही ताटातल्या काही गोष्टी बोलण्यानं बदलतात, जर प्रश्न घरातल्या मापात विचारला तर. रक्तदाबाच्या पेशंटला "मीठ कमी करा" सांगून काही होत नाही. कमी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज पाच ग्रॅमच्या आत म्हणते. पाच ग्रॅम कोणी मोजत नाही, पण मिठाचा पुडा कधी संपला ते घरातल्या बाईला पक्कं माहीत असतं. म्हणून विचारावं: "माय, घरात किती माणसं? किलोचा पुडा किती दिवस जातो?" पाच माणसांच्या घरात किलोभर मीठ चाळीस दिवस जायला हवं. ती म्हणेल, वीस. मग तीच सांगेल कुठे जातं ते: लोणचं, ठेचा, जेवताना पानात वाढलेलं मीठ. पुढचा पुडा पंचवीस दिवस नेऊन बघू, असं तिनं ठरवलं तर ते मोजता येतं. तिच्या हातातलं आहे आणि पैसेही वाचतात.

मग हे बोलायचं कोणी? डॉक्टरनं सुरुवात करावी, कारण त्याच्या शब्दाला वजन आहे. पण सगळा भार त्याच्यावर टाकू नये. आयुष्मान आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी, औषध देणारे फार्मासिस्ट, नर्सताई आणि सगळ्यांत आधी आशाताई. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' या कार्यक्रमानं गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी नैराश्याबद्दल बोलणं सुरू केलं. उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. यवतमाळमध्येही शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ पासून बळीराजा चेतना अभियान आणि प्रेरणा प्रकल्पातून आशाताईंनी घरोघर जाऊन मन मोकळं करायला लावणारे प्रश्न विचारले आहेत. म्हणजे या जिल्ह्याला हे कौशल्य नवं नाही. ज्या ताईला "झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का" असं विचारता येतं, तिला खर्ऱ्याबद्दलही विचारता येईल. शिवाय ही दोन दुखणी एकाच घरात राहतात. कर्ज आणि नापिकीनं गांजलेल्या माणसाला खर्रा सोडा म्हणताना तो त्याला कशासाठी लागतो, हे ऐकूनच पुढे बोलावं लागतं.

मदतीचे दरवाजेही अगदीच बंद नाहीत. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत फोनसेवा आहे, मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केस-पेपरवर हे आकडे हातानं लिहून द्यायला दहा सेकंद लागतात. भिंतीवरच्या फलकापेक्षा ते खिशातले आकडे जास्त उपयोगी पडतात. पेशंटच्या समोरच फोन लावून दिला, तर त्याहून चांगलं.

सगळ्यांत कच्चा दुवा आहे दुसऱ्या भेटीचा. रसेलच्या लंडनमध्ये "मी पुन्हा विचारणार आहे" हे वाक्य सल्ल्याचाच भाग होतं. आपल्याकडे रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या घ्यायला माणूस महिन्या-महिन्यानं येतोच. पण त्या वेळी विचारलं जातं ते गोळ्यांचं. आशाताईच्या फॉर्मवर वयाला खाना आहे, कमरेच्या मापाला आहे, तंबाखूला आहे, दारूला आहे. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला पाठवायची सूचनाही आहे. माणूस स्वतः काय म्हणाला, ते लिहायला मात्र जागा नाही. एका ओळीची जागा पुरेल. "दुपारची पुडी बंद करतो म्हणाला. पोरीसाठी." पुढच्या महिन्यात ताई त्या घरी गेली की फॉर्म उघडून ती ओळ वाचेल, आणि ओट्यावर बसलेल्या त्या माणसाला विचारेल, "काय भाऊ, दुपारच्या पुडीचं काय झालं? आणि पोरगी काय म्हणते?"